उरलंसुरलं आता कोण संपवणार?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, मनातल्या मनात खरं उत्तर द्या. काल रात्री तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तुमच्या ताटात काय होतं? मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात आणि ‘एवढ्याशासाठी कशाला भांडं अडवायचं’ म्हणून घेतलेली सकाळची भाजी? ओट्याशी उभ्या उभ्या तोंडात टाकलेले दोन-चार घास तर आपण धरतही नाही. मीही धरत नव्हते. असं न धरता न धरता माझं वजन १०४ किलोवर गेलं होतं. उंची म्हणाल तर पाच फूट एक इंच!

आम्ही सीताबर्डीत राहतो. घरात सासू-सासरे, हे, मी आणि आमची लेक. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. बर्डीत राहायचं म्हणजे घराबाहेर पाऊल टाकलं की खाणं समोर उभंच. मेनरोडच्या गर्दीतून वाट काढत व्हरायटी चौकापर्यंत जा, तर्रीपोह्यांचा आणि गरम आलुबोंड्यांचा वास तुमची सोबत सोडणार नाही. पण खरं सांगू का? मला बाहेरच्या खाण्यानं बिघडवलं नाही. मी बिघडले ती माझ्याच स्वयंपाकघरात, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर.

अठ्ठाविसाव्या वर्षी शाळेचा दुसरा मजला चढताना मला मधे थांबावं लागायचं. मागून येणारी पोरं पुढे जायला कचरत, मग भिंतीला चिकटून निघून जात. तेव्हा फार लाज वाटायची. त्यातच रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला : वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गानं भागायचं. माझा आकडा आला ४३. आपल्याकडच्या माणसांत हा आकडा साडेसदतीसच्या वर गेला, किंवा साडेबत्तीसच्या वर जाऊन सोबत मधुमेहासारखं दुखणं असलं, तर त्या वेळी शस्त्रक्रियेचा विचार करत, असं त्यांनी सांगितलं.

शस्त्रक्रिया हा शब्द आमच्या घराला अगदीच नवा नव्हता. २०११ साली आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा सासऱ्यांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्यामुळे २०१५ साली माझा विषय निघाला तेव्हा ते गडबडले नाहीत. सासूबाई मात्र म्हणाल्या, “मोठ्या माणसांचं वेगळं असतं. घरच्या सुनेनं, जास्त खाते म्हणून ऑपरेशन करून घ्यायचं? लोकांना काय सांगायचं?” शेवटी लोकांना ‘हर्नियाचं’ म्हणून सांगायचं ठरलं.

मी पट्टा बसवून घेतला. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा एक पट्टा गुंडाळतात. त्याच्या आतली बाजू फुगवता येते. त्याची नळी पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या डबीला जोडलेली असते. बाहेरून सुई टोचून डबीत सलाईनचं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढून घेतलं की सैल होतो. पट्ट्याच्या वर जठराची इवलीशी पिशवी तयार होते. ती चार घासांत भरते आणि अन्न खाली सावकाश उतरतं, म्हणून पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. जठर कापत नाहीत आणि नको झाला तर पट्टा काढताही येतो, या दोन गोष्टींवर मी भाळले. अमेरिकेत या पट्ट्याला २००१ साली परवानगी मिळाली आणि पुढची काही वर्षं त्याचा मोठा बोलबाला होता. आता तो बराच मागे पडलाय. आजकाल जठराचा मोठा भाग कापून त्याची बारीक नळी ठेवतात, ती शस्त्रक्रिया जास्त करतात.

लेक तेव्हा तीन वर्षांची होती. डॉक्टरांच्या तोंडचा ‘बँड’ हा शब्द तिनं बरोबर उचलला आणि शेजारी जाऊन सांगितलं, “माझ्या आईच्या पोटात बँड आहे.” शेजारीण हसून म्हणाली, “वाजतो का गं?” आमचा हर्निया त्या दिवशी थोडक्यात वाचला!

पहिले काही दिवस नुसतं पातळ : वरणाचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. मग घोटलेलं मुगाचं वरण, मऊ खिचडी, कुस्करलेलं पनीर. सहाव्या आठवड्यात नेहमीचं जेवण सुरू झालं आणि पट्ट्यात पहिल्यांदा पाणी भरलं. खरी परीक्षा इथून पुढे होती. डॉक्टरांनी सांगितलं : घास पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा घ्यायचा, त्याचं तोंडातच पीठ होईपर्यंत चावायचं. घास गिळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. आधी डाळ, उसळ, पनीर, दही संपवायचं आणि मग भात-पोळी. आणि जेवायला अर्धा तास बसायचं.

अर्धा तास! लग्न झाल्यापासून मी कधी अर्धा तास जेवायला बसले होते, मला आठवेना. सगळ्यांना वाढून, गरम पोळ्या करून घालून, डबे भरून जो वेळ उरेल त्यात माझं जेवण व्हायचं. त्यात एक चमचा इकडे, एक झारा तिकडे. दहा मिनिटांत ताट धुतलेलंसुद्धा असायचं. पट्ट्याला हे मुळीच खपेना. घाईत गिळलेला घास छातीच्या हाडामागे जाऊन असा बसे की वर येईना, खाली जाईना. तोंडात फेसासारखी लाळ दाटून येई, नाकातून पाणी वाहू लागे आणि मोरीकडे पळावं लागे. गार भाताचा तर गोळाच होई. म्हणजे शेवटी बसून गार खाणं हे आता माझ्या पोटातच मावेना. सगळ्यांच्या बरोबर, गरम असताना, निवांत बसणं भाग पडलं. पोळ्या आधीच करून डब्यात ठेवायला लागले. ह्यांनी पहिले दोन दिवस तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवसापासून विसरले. आणि मी उगीचच सहा वर्षं तव्याशी उभी होते!

काय चालतं आणि काय नाही, हे ज्याच्या-त्याच्या पट्ट्यावर असतं. पण मला एका गोष्टीचं फार नवल वाटलं. मऊसूत पोळी अडकायची आणि कडक भाजलेला खाकरा चुरून चुरून खाल्ला तर सहज उतरायचा. मऊ पोळी, पाव हे चावलं तरी आत चिकटून कणकेसारखा गोळा होतो. ज्वारीची भाकर वरणात कुस्करली की उतरे. गोळाभातातले डाळीचे गोळे कढीत बुडवून चालत, भात मात्र दोन चमचे. आणि संत्रं! नागपूरची असून मला संत्र्याची फोड खाता येईना, कारण फोडीवरचं पातळ साल चावून संपत नाही. अजूनही मी एकेका फोडीचं साल सोलते, बिया काढते आणि आतला गर तेवढा खाते. एक संत्रं संपायला पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळात लेक चार संपवते आणि वर माझ्या सोललेल्या फोडींवर डोळा ठेवते.

त्याच वर्षी महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठांचं जेवण म्हणजे सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणाच्या पोळ्या, सवाष्णींची पंगत. मी अर्धी पोळी तुपात भिजवून बारीक बारीक घास घेत होते. इतक्यात आत्याबाई पोळ्यांचं ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या. “काहून वं, काही खाऊन नाही राहिली? सवाष्णीनं अर्धपोटी उठू नाही.” आणि पुढे काही बोलायच्या आत तुपाची धार धरून अख्खी पोळी ताटात! सणाचा दिवस, वडील माणूस. मी भिडेनं घास मोठा घेतला. तो बसला आत. डोळ्यांत पाणी, तोंडावर पदर. मी पंगतीतून उठून पळाले.

परत आले तर बायकांची कुजबुज चाललेली. मोठ्या जाऊबाई हसून म्हणाल्या, “गोड बातमी दिसते!” सगळ्यांचे चेहरे फुलले. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, तरी क्षणभर त्यांचाही चेहरा उजळला. लेकीच्या पाठीवर दुसरं व्हावं ही त्यांची आशा मला ठाऊक होती. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बातमी-बितमी काही नाही. तिच्या पोटाला पट्टा बसवलाय, वजनासाठी. हर्निया नव्हताच. तिला कोणी आग्रह करू नका.”

पंगत गप्प झाली. आता काय काय ऐकावं लागणार, म्हणून मी खाली मान घालून बसले. तर आत्याबाई जवळ सरकून हळूच विचारतात, “मलेबी बसवता येते का वं?”

त्या दिवसापासून सासूबाईंचं आणि माझं जमलं असं तुम्हांला वाटेल. तसं नाही हं. आमचा खरा झगडा नंतर सुरू झाला, तो उरलेल्या अन्नावरून. इतकी वर्षं घरात उरलेलं सगळं माझ्या पोटात जात होतं, आता जाईना. सासूबाई अन्न टाकू देणाऱ्यांतल्या नव्हेत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांनी टंचाईचे दिवस पाहिलेत. महिनाभर त्या स्वतः संपवत राहिल्या आणि त्यांची साखर वाढली. मग मी एक केलं. पंधरा दिवस रोज रात्री काय किती उरलं ते वहीत लिहून ठेवलं. भात रोज वाटीभर, पोळ्या दोन-तीन, भाजी लहान वाटी. तेव्हा कुठं कळलं की आम्ही रोज एका माणसाचं जेवण जास्त करत होतो आणि ते मी माझ्या जेवणाच्या वर खात होते! तांदळाचं माप तिनावरून दोन वाट्यांवर आणलं, कणीक एक मूठ कमी केली. सासूबाई आठवडाभर म्हणत राहिल्या, “कोणी अवचित आलं तर?” आलं कोणी, तर पंधरा मिनिटांत कुकर होतो, एवढंच मी म्हटलं.

आता माझ्या चोरीचंही सांगायला हवं, नाहीतर मी फार शहाणी आहे असा तुमचा समज होईल. पट्टा घट्ट अन्नाला अडवतो, पातळ-मऊ गोडाला नाही. बासुंदी, श्रीखंड, आइस्क्रीम कसं सुळकन खाली उतरतं! दोन वर्षांत माझं वजन १०४ वरून ७४ वर आलं आणि पुढच्या तीन वर्षांत ८१ झालं. शाळेतला त्रास, लेकीचं आजारपण, काहीही झालं की फ्रिजमधली बासुंदीची वाटी दिसायची. पोटाला पट्टा होता, मनाला कुठला असायला? हे मी डॉक्टरांना दोन वेळा लपवलं, तिसऱ्यांदा सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “सगळेच करतात. कधी करता ते लिहून आणा.” पुन्हा वही!

आणि आता पट्टाच सरकलाय. गेल्या उन्हाळ्यापासून रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येऊन खोकल्यानं जाग यायची. बेरियम पाजून फोटो काढला, त्यात दिसलं. पट्ट्यातलं सगळं पाणी काढून टाकलंय, त्रास थांबलाय. दुर्बिणीतून पट्टा काढायची तारीख ठरली आहे. काढल्यावर बहुतेकांचं वजन परत वाढतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जठराची दुसरी शस्त्रक्रिया पुढे करता येईल, पण ती करायची की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.

दहा वर्षांनी पहिल्यांदा मला पोळी अडकत नाही. गेल्या रविवारी अख्खी खाल्ली, पोटभर. फार बरं वाटलं आणि रात्री भीतीही वाटली. अजून मी खोडरबराएवढाच घास घेते, घड्याळ समोर ठेवते. सवयीनं घेते की धाकानं, ते कळत नाही.

परवा रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी पातेलं पुढे केलं. तळाशी दोन घास भात होता. “पट्टा सैल केलाय ना आता?” त्या म्हणाल्या, “घेऊन टाक एवढा.” त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. मी म्हटलं, “आई, सकाळी फोडणीला टाकू.” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग फडताळातून झाकणाचा लहान डबा काढला, स्वतःच भात त्यात भरला आणि फ्रिजमध्ये ठेवून दिला.