नाथसागराची सहल

नाताळचा सण आटोपला की धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना एक दिवस सहलीस न्यावे, असा आमच्या धर्मग्रामात प्रघात पडला आहे. यंदा शहागड परिसरातील मुलांनी एकमुखाने मागणी केली : ‘फादर, नाथसागर!’ मागणी वाजवीच होती. शहागडच्या पुलाखालून वाहणारी गोदावरी पैठणच्या ज्या जलाशयातून खाली येते, तो तास-दीड तासाच्या वाटेवर असूनही यांतल्या बहुतेकांनी पाहिलेला नाही. उन्हाळ्यात पुलावरून वाळू आणि डबकी पाहणाऱ्या या मुलांना क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी दाखवावे, एवढाच माझा हेतू होता.

मी वही उघडून बेत आखू लागलो. दरवाजे उघडलेले पाहावयाचे तर श्रावण-भाद्रपदात जावे लागते. परंतु तेव्हा गर्दी फार आणि मुलांना सांभाळणे कठीण. जानेवारी उत्तम. जलाशय विस्ताराने सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर, पण खोलीने उथळ. म्हणूनच त्याच्या काठच्या दलदलीत हिवाळ्यात पट्टकदंब हंस आणि रोहित पक्षी उतरतात. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. सकाळी लवकर पोहोचावे, पक्षी पाहावेत, भिंतीवर जाण्याची परवानगी आधी मागावी, म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर उभारलेले ज्ञानेश्वर उद्यान उघडे आहे का याची चौकशी करावी, आणि पाण्यात कोणीही उतरू नये, ही सक्त ताकीद. मुलांना सांगावयाची माहितीही टिपून ठेवली : १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी. धरण आधी बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हावयाचे होते. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र त्या गावाचेच राहिले.

चर्च झाडून झाल्यावर मावशी चहा घेऊन आल्या. त्यांचे वय सत्तरीकडे झुकलेले. मी उत्साहाने बेत सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

‘जाऊन या, फादर. पोरांना पाणी दाखवा. म्या न्हाई येत.’

‘का हो, मावशी?’

‘माझं माहेर हाय त्या पाण्यात.’

त्यांच्या हाताखाली मी इतकी वर्षे जेवलो, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. धरण भरण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांचे लग्न झाले. पहिल्या सणाला माहेरी जावयाचे, तर माहेरच उठले होते. ‘बाप दुसऱ्याच्या मळ्यात राबायचा,’ त्या म्हणाल्या. ‘मालकाला मोबदला भेटला. बापाच्या हाती काय? बैलगाडीभर सामान. माय मेली तवा तिची माती गावच्या मातीला मिळाली न्हाई, एवढंच सलतं.’

त्या रात्री वही पुन्हा उघडली, पण पेन चालेना. सहल रद्द करावी काय? मग दुसरी बाजूही डोळ्यांपुढे आली. डावा कालवा २०८ किलोमीटर जातो. अंबड-घनसावंगीकडचा ऊस त्यावर उभा आहे. जालना शहर आणि छत्रपती संभाजीनगर हेच पाणी पितात. ऑगस्ट २००६ मध्ये याच धरणाच्या विसर्गाने पैठणमध्ये पूर शिरला, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले पाणी उपसावे लागले. वेदीवर जलाला आशीर्वाद देताना आपण त्याला जीवनाची खूण म्हणतो. परंतु ज्या पाण्याने लाखोंची तहान भागते, त्यासाठी कुणाचा उंबरठा बुडाला, हे आपण विचारीत नाही. कृतज्ञता आणि अज्ञान यांचे एकत्र नांदणे मला त्या रात्री टोचले. मुलांना मी २,९०९ हा आकडा सांगणार होतो. शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली, हे वहीत कुठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना म्हणालो, ‘तुम्ही आल्याशिवाय ही सहल अर्धी राहील. मुलांना धरणाची माहिती मी सांगेन; गावाची तुम्ही सांगा. आधी काठावर उभे राहून तुमच्या आईसाठी प्रार्थना करू, मग पक्षी पाहू.’

त्यांनी लगेच होकार दिला नाही. पदराने हात पुसले. ‘पोरं दंगा करत्याल,’ म्हणाल्या.

‘करू देत. सहल आहे.’

त्या हसल्या. ‘आमच्या गावाला मोठं चिंचेचं झाड होतं. ते सांगीन त्यांना.’

वहीतली यादी आता पुरी झाली आहे : मुले बेचाळीस, शिक्षिका दोन, सिस्टर एक, पिण्याच्या पाण्याचे चार जार, दुर्बीण एक. आणि बसमध्ये पुढची, खिडकीजवळची जागा मावशींसाठी राखीव.