रिमोटवरचे सोळा

अकोला, ११ मे
भावजी भर दुपारी आले, घामाने निथळत. पाणीही न घेता रिमोट उचलला आणि थेट १६. 'लवकर गार होते.' घरोघरी हीच समजूत. आमचे मशीन जुने, बिगर-इन्व्हर्टर. त्याचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो, नाहीतर बंद असतो. २४ लावा की १६, खोलीतली उष्णता तो त्याच वेगाने बाहेर टाकणार. २४ला पोचला की दम तरी घेतो. अकोल्याच्या मे महिन्यात १६ गाठणार कधी? २०२० पासून नव्या एसींना २४ हे मूळ सेटिंग सक्तीचे झाले. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. हे भावजींना ऐकवले तर म्हणाले, 'बिल तुम्ही भरता ना?' युक्तिवाद बिनतोड.

१३ मे
सर्व्हिसिंग. मुलगा म्हणाला, 'काकू, गॅस भरावा लागेल. दरसाल लागतोच.' का लागावा? तो काही पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो; आत उष्णता उचलतो, बाहेर सोडतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅसही उडूनच जाणार. म्हटले, आधी गळती दाखव. त्याने बाहेरच्या युनिटच्या नटांवर साबणाचा फेस लावला. दोघे उन्हात वाकून बघत राहिलो. एक बुडबुडा फुगेना. मग आतली जाळी काढली. काळ्या मातीची धूळ अशी बसलेली की नखाने पापुद्रा निघाला. हवाच आत जात नव्हती, तर गार काय होणार? जाळी धुतली, कॉइलवर पाणी मारले. रात्री पांघरूण काढावे लागले.

१८ मे
'अवं खिडकी लाव, सारी थंडी बाहीर चालली!' सासूबाईंचा कूलरवर जीव. पण एसीचा नियम कूलरला लावला की घोळ होतो. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून दार-खिडक्या बंद. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. त्या दमट हवेला निघायला वाट नसेल, तर तासाभरात पापड सादळतात. समोरची खिडकी वीतभर उघडली. सासूबाई गप्प बसल्या. पटले असे नाही.

डोंबिवलीच्या वन्संनी इथला कूलर पाहून तिकडे तसाच घेतला. खाडीकाठच्या हवेत आधीच इतकी ओल, आणखी वाफ मावणार कुठे? सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

२५ मे
नवतपा लागला. रिकाम्या खोल्यांतले पंखे बंद करत फिरणे हा माझा व्यायाम. पंखा अंगावरचा घाम वाळवतो, खोली गार करत नाही. माणूसच नसेल तर मोटरची थोडी उष्णता तेवढी खोलीत. एसीसोबत मात्र मंद पंखा हवाच, २६वरही भागते.

८ जून
मृगाचे आभाळ. हवेत ओल आली, कूलर आता नुसती चिकचिक करतो. उद्या टाकी रिकामी करून घासायची, डास व्हायच्या आत.