भिंतीआडचा दुसरा रूटर

मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांना तेथील भिंतींची जाडी निराळी सांगावयास नको. दीड-दोन हात रुंदीची दगडमातीची भिंत, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा जाड थर. बाहेर अंगाची लाही होत असता माजघरात मात्र गारवा. ऊन अडविणारी हीच भिंत आता घरातील बिनतारी लहरींनाही अडविते. वसमत तालुक्यातील कुरुंदा येथे एका कुटुंबाच्या भेटीस गेलो असता हा प्रश्न माझ्यापुढे आला.

घर एक, चुली दोन. थोरल्याने रस्त्याच्या बाजूस स्लॅबचे घर बांधले. धाकटा मागील माळवदात आईसह राहतो. वाटणी झाली तेव्हा मधले दार विटांनी बुजविण्यात आले. इंटरनेटची जोडणी थोरल्याकडे. धाकट्याची मुलगी पुण्यास परिचारिकेचे शिक्षण घेते आणि रात्री आजीशी व्हिडिओवर बोलू पाहते. मोबाइलची रेंज माळवदात येत नाही. तेव्हा गुडघ्यांनी जेरीस आलेली म्हातारी गल्लीतून वळसा घालून थोरल्याच्या ओसरीवर जाऊन बसते, आणि नातीशी बोलते ते सगळ्यांच्या देखत. साहजिकच जे बोलावयाचे ते राहून जाते.

"भिंतीला कान असतेत म्हणतेत फादर," ती मला म्हणाली, "पर आमच्या भिंतीला ऐकूच येईना की!"

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अदृश्य लहरी भिंतीपार धाडून पलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. (सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावणारे फादर लाफों हे येशूसंघीय होते, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच.) परंतु लहर प्रत्येक भिंतीत थोडी थोडी खर्ची पडते. भिंत जितकी जाड आणि जितकी ओली, तितका हा खर्च अधिक. पावसाळ्यात ओल धरलेल्या कुरुंद्याच्या मातीपुढे घरगुती रूटरची क्षीण लहर टिकावी कशी?

दुकानदार अशा वेळी भिंतीत खुपसावयाचा रिपीटर सुचवितात. मला तो फारसा मानवत नाही. अशी बहुतेक स्वस्त उपकरणे ज्या लहरीवर ऐकतात त्याच लहरीवर पुन्हा बोलतात, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय जेथे मूळ लहरच पोहोचत नाही तेथे तो पुढे देणार काय? खरा उपाय म्हणजे भिंतीतून तार नेऊन पलीकडे दुसरा रूटर बसविणे. तांब्याची ही जाळ्याची तार १०० मीटरपर्यंत बिनधोक चालते. येथे तर अंतर जेमतेम वीस पावलांचे.

मात्र दुसरा रूटर जोडणे म्हणजे नुसती तार खुपसणे नव्हे. रूटरचे एक काम असते घरातील प्रत्येक यंत्रास क्रमांक देण्याचे. हे क्रमांक बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. असे काही क्रमांक खाजगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम १९९६ साली ठरला, म्हणूनच लक्षावधी घरांत तेच ते क्रमांक सुखाने नांदतात. गावोगावी वेस असते, मारुतीचे देऊळ असते; आतल्या माणसास तेवढी खूण पुरते. बाहेरून पत्र यावयाचे तर मु. पो. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली असे लिहावे लागते. तद्वत घराचा बाहेरील पत्ता एक, आतले क्रमांक घरापुरते. हे क्रमांक एकाच जाळ्यात दोन रूटर वाटू लागले की घोटाळा झालाच म्हणून समजावे.

जोडणीच्या रीती दोन. पहिलीत तार दुसऱ्या रूटरच्या 'वॅन' खाचेत जाते. मग तो आपले निराळे जाळे मांडतो. मागच्यांना पुढचे गाठता येते, पण पुढच्यांना मागचे दिसत नाही. ही वेगळी चूल. दुसऱ्या रीतीत तार 'लॅन' खाचेत जाते, 'वॅन' रिकामी राहते. त्याआधी दुसरा रूटर एकटाच संगणकास जोडून त्याचा स्वतःचा क्रमांक बदलावा, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा (पहिला जे क्रमांक वाटतो त्यांत हा येत नाही एवढे पाहावे), आणि 'डीएचसीपी' ही वाटपाची सोय बंद करावी. नव्या रूटरांत 'ॲक्सेस पॉइंट' नावाचा पर्याय असतो. तो निवडला की हे सारे आपोआप होते.

धाकट्याचा कल अर्थातच पहिल्या रीतीकडे. "दादाच्या रूटरातून आमच्या घरातलं सगळं त्याला दिसंल का, फादर?" त्याने हलक्या आवाजात विचारले. ही शंका क्षुद्र नव्हती. पहिल्या रूटरच्या धन्यास कोणती यंत्रे जोडली आहेत हे कळते, आणि मनात आणल्यास कोणत्या संकेतस्थळांशी संपर्क झाला हेही बहुधा कळू शकते. कुलूपबंद संदेश वा नातीचे बोलणे मात्र कळत नाही. वेगळी चूल मांडूनही यात मोठा फरक पडत नाही, कारण सारी वाहतूक पहिल्यातूनच बाहेर पडते. हे मी त्यास जसेच्या तसे सांगितले.

निर्णय अखेर हळदीने केला. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. या घरी ती आजही दोघा भावांची सामाईक, आणि मागच्या अंगणात वाळते. तिच्यावर लक्ष ठेवणारा कॅमेरा मागील रूटरवर येणार, आणि वेगळ्या जाळ्यात तो थोरल्यास आपल्या घरून सहजी पाहता आला नसता. तेव्हा 'लॅन' ठरले. दोन्ही रूटरांना नाव आणि परवलीचा शब्द एकच दिला. वाहिन्या मात्र निराळ्या, पुढे १ आणि मागे ६, म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात अडथळा नको.

तार न्यावी कोठून? माळवदाची भिंत टोकरणे कठीण. तुलनेने सोपी जागा एकच, बुजविलेल्या दाराच्या विटा. तेथेच गिरमिटाने भोक पाडले. रूटर मात्र उंच कोनाड्यात ठेवला, कारण जुलै २०२२ मध्ये गावात घरोघरी शिरलेले पुराचे पाणी कोणी विसरलेले नाही. थोरल्याच्या इन्व्हर्टरची जोडणी मागे नाही, त्यामुळे वीज गेली की मागचा रूटर मुका होतो. त्यासाठी लहानशी बॅटरी घ्यावयाची आहे. तार आणि रूटर यांचा खर्च निम्मा-निम्मा झाला, आणि धाकट्याने तो तारखेसह वहीत मांडून ठेवला.

म्हातारी आता रात्री बाजेवर बसूनच नातीशी बोलते. पुढच्या भेटीत तिची तक्रार निराळी होती: "पोरगी कवाबी फोन लावती, फादर. केस इंचरायला बी सवड देईना."