रजा संपल्यावर

१८ नोव्हेंबर २०२४, सांगली

आज कॉलेजात पुन्हा रुजू झाले. स्टाफरूममध्ये भेटेल त्याचा एकच प्रश्न: "बाळाला कुणाकडे ठेवलंत?" विचारणारे काळजीनेच विचारतात. पण माझा नवरा मे महिन्यात बाळंतपणाचा आठवडाही न सरता कामावर गेला होता. हा प्रश्न त्याला आजतागायत कुणी विचारलेला नाही. उलट तो गॅलरीत दुपटी वाळत घालताना दिसला, की शेजारच्या काकू मला म्हणतात, "नशीब काढलंस गं." त्याने दुपटी धुतली की ते माझं नशीब, आणि मी धुतली की तो उल्लेख करण्यासारखा विषयच नाही.

अर्थशास्त्राच्या तासाला मुद्दाम २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण घेतलं. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो. पुरुषांचा ९७ मिनिटं, तेही जे ही कामं करतात तेवढ्यांचाच. अशी कामं करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष जेमतेम २६. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पण आई ते प्रेमानं करते." मी त्याला विचारलं, "वडिलांचं प्रेम कमी आहे का?" वर्ग हसला. तो हसला नाही, विचारात पडला. मला तो मुलगा आवडला.

२० नोव्हेंबर, सांगली

मतदान झालं. बाळाला सांभाळायला येतात त्या मावशी रांगेत माझ्या पुढेच होत्या. 'लाडकी बहीण'चे दीड हजार खात्यात येतात याचं त्यांना फार अप्रूप आहे. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेले पैसे म्हणून या योजनेवर टीका होते, आणि त्या टीकेत तथ्य आहे. तरी आयुष्यभर राबलेल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात पहिल्यांदा रक्कम पडते, तेव्हा तिचा चेहरा कसा होतो, हे मी पाहिलं आहे. ते नाकारणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

संध्याकाळी त्यांना विचारलं, तुमच्या नातीला कोण बघतं? सून द्राक्षबागेत कामाला जाते. धाकटीला मोठी नात बघते, म्हणून मोठीची शाळा अधूनमधून बुडते. म्हणजे माझी मुलगी मावशींच्या मांडीवर सुखात झोपते, तेव्हा त्याची किंमत कुठेतरी एक शाळकरी पोर मोजत असते. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पण तो कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणांसाठी. घरकाम करणारी बाई आणि बागेतली मजूर त्यात बसत नाहीत. मावशींचा पगार वाढवायचा आणि त्यांना आठवड्याची सुट्टी द्यायची, हे आज ठरवलं. मोठीच्या शाळेचं मावशींशी आणि त्यांच्या सुनेशी बसून बोलायचं आहे.

८ डिसेंबर, सातारा

माहेरी आले. स्टँडवर उतरल्याबरोबर बाळ रडायला लागलं, म्हणून हिरकणी कक्ष शोधला. कक्षाला कुलूप आणि किल्ली साहेबांकडे. शेवटी बाकावर पदर घेऊन पाजलं. हिरकणीची गोष्ट आपण मुलांना किती कौतुकाने सांगतो! गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं होतं, म्हणून ती रात्री कडा उतरली. तिच्या नावाने बुरूज उभा राहिला. पण आईसाठी दरवाजा उघडायला हवा होता, असं त्या गोष्टीत कुणी म्हणत नाही. आईच्या धाडसाचं कौतुक केलं, की आपल्याला तिची सोय करावी लागत नाही.

रात्री आईशी नावाचा विषय निघाला. माझी मुलगी मे महिन्यात जन्मली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या स्वतःच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा सरकारी नियम झाला आहे. नोंद करताना सासरे म्हणाले होते, "केवढं लांबलचक होईल नाव!" सासूबाई मात्र काही न बोलता तो दाखला दोनदा वाचत बसल्या. त्यांच्या तिन्ही मुलांच्या कागदांवर त्यांचं नाव नावाच्या ओळीत कुठेच नाही.

आईला २०११ चं आठवलं. २२ ऑक्टोबरला इथेच साताऱ्यात जिल्ह्यातल्या २८५ मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला होता. सगळ्यांची नावं नकुशा, नकोशी अशीच. त्या दिवशी मुलींनी आपल्या मनाने नावं घेतली, कुणी ऐश्वर्या, कुणी वैशाली. तेव्हा मी विद्यार्थिनी होते आणि मला त्या मुलींबद्दलच वाटलं होतं. आता स्वतः बाळंतीण झाल्यावर त्यांच्या आया डोळ्यांपुढे येतात. पोरीला नकुशा म्हटलं की पुढचा मुलगा होतो, ही समजूत. म्हणजे ते नाव ठेवतानाच आईचं पुढचं गरोदरपण ठरलेलं. टाके वाळायच्या आत. तिला कुणी विचारलं असेल?

माझ्या बाळंतपणानंतर पेढे वाटायचे की बर्फी, यावर दोन्ही घरांत चर्चा झाली होती. मुलगा म्हणजे पेढे, मुलगी म्हणजे बर्फी. आम्ही पेढे वाटले. "पहिली बेटी, धनाची पेटी" हे मात्र सगळ्यांकडून ऐकावं लागलं. पहिलीलाच ही म्हण. दुसरी झाली तर म्हण नाही.

२१ डिसेंबर, सांगली

म्हैसाळहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी विषय निवडला: 'आमच्या गावाचं नाव'. मार्च २०१७ मध्ये गावाजवळच्या ओढ्यापाशी पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि म्हैसाळ देशभर माहीत झालं. शोध लागला, कारण गर्भपातात एक तरुण बाई मेली. ती मेली नसती तर? ही मुलगी म्हणते, बाहेर गाव सांगितलं की लोक तोच विषय काढतात, जणू हे फक्त आमच्याच गावात झालं.

तिचं खरं आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली होत्या, सांगली जिल्ह्यात ८५१. हा ऊस, हळद आणि द्राक्षांचा जिल्हा. सोनोग्राफीला पैसे लागतात, ते या भागात होते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने कायदा केला आणि देशाचा कायदा त्यानंतर १९९४ चा. कायदा आधी आला तरी पोरी कमीच झाल्या. शेताला वारस हवा, हा आग्रह कायद्यापेक्षा जुना आहे. ज्या घरात सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही, त्या घरात मुलीची वाट का बघतील? मी तिला सांगितलं, गावाच्या नावासोबत गावातल्या सातबाऱ्यांवरची नावंही मोज.

२९ डिसेंबर, कासेगाव

साताऱ्याहून परतताना इस्लामपूरच्या अलीकडे उसाच्या फडाशेजारी गाडी थांबवली. तोड चालू होती. बीडकडची एक मुलगी, विशीतली असेल, बांधावर वाढ्यांच्या सावलीत बाळाला पाजत होती. बाळ माझ्या मुलीएवढंच. तिने नवऱ्यासोबत उचल घेतली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे तिच्या नावाचा वेगळा हिशेब नाही. खाडा झाला तर पैसे कापतात. बाळंतपण गेल्या हंगामाच्या शेवटी कोपीतच झालं आणि यंदा ती दिवाळीनंतर लगेच इकडे आली. "रजा?" असं मी विचारलं नाही. तो शब्द तिच्यासमोर उच्चारण्याची मला हिंमत झाली नाही. तिच्याशी बोलताना पाण्याची बाटली आणि बिस्किटं दिली. त्याने काय होतं, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीत आणि बाळंतपणात बुडणारा रोज परवडत नाही, म्हणून तो अवयवच काढून टाकायचा. आपल्या साखरेत हे आहे.

कासेगावला आल्यावर याच गावात राहिलेल्या इंदुताई पाटणकर आणि गेल ऑम्वेट आठवल्या. ऐंशीच्या दशकात या भागात त्यांच्यासोबतच्या बायकांनी परित्यक्तांसाठी आंदोलन उभं केलं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला दया नको होती. रेशनकार्ड आणि जमीन स्वतःच्या नावावर हवी होती. आईपण, सोशिकता, त्याग यांचं गाणं न गाता कागदावर नाव मागायचं, हा त्यांचा हट्ट मला फार जवळचा वाटतो.

३ जानेवारी २०२५, नायगाव

सावित्रीबाईंची जयंती. खंडाळ्याकडच्या या छोट्या गावात आज एवढी गर्दी, की मुलीला कडेवर घेऊन उभं राहायला जागा मिळेना. भाषणांत 'माता' हा शब्द अनेकदा आला. सावित्रीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी आणि जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि अडकलेल्या विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता यावं, अशी सोय केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. बाळाला जन्म देणाऱ्या बाईचा अपमान होऊ नये, तिला जागा, अन्न, सुईण मिळावी, यासाठी ती दोघं भांडली. आज व्यासपीठावर त्यांच्या आईपणाची स्तुती करणाऱ्या एका पाहुण्यांनी बाजूला येऊन मला हसत विचारलं, "आता पुढचा नंबर मुलाचा ना?" मी म्हटलं, "नाही. आमची ही एकच, आणि तिच्या नावावर जमीनही करणार आहे. तुमच्या मुलीच्या नावावर किती आहे?"

ते उत्तर न देता पुढे गेले. शेजारच्या बाई मात्र थांबल्या, मुलीला घेतलं आणि म्हणाल्या, "माझंही नाव सातबाऱ्यावर लावायचंय. तलाठ्याकडे काय-काय कागद लागतात हो?"

माहीत होते तेवढे सगळे तिथेच सांगितले. फेरफारचा अर्ज त्यांच्यासाठी सोमवारी काढून आणायचा आहे.