पालथा पंजा

आगरदांड्याच्या धक्क्याला फेरीबोट लागली की तिची लोखंडी फळी खडखडत खाली येते आणि पाण्याचा एक फुगवटा पायऱ्या चाटून मागे जातो. फळीवर एक खलाशी येऊन उभा राहतो. समोर दिघीला जाणाऱ्या गाड्यांची रांग. तो हात पुढे करतो, तळवा जमिनीकडे, आणि चार बोटं आपल्याकडे मुडपत राहतो. या, या, येऊ द्या. पालथ्या हाताच्या एवढ्याशा हालचालीवर टेंपो, रिक्षा, मोटारी, फटफट्या एकामागून एक त्या डुलत्या लोखंडावर चढतात.

माझं आजोळ या गावचं. गाड्या नेणारी फेरीबोट नव्हती, नुसती माणसांची लाँच होती, तेव्हाही खलाशी असाच हात करायचा. मागच्या दारातून मला जेवायला हाक मारताना आजीचा हातही असाच हलायचा. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मला ती दिसली एका मातीच्या मांजरीमुळे.

भाची जपानात नागोयाजवळ नोकरी करते. सुट्टीवर येताना तिने ती मांजर आणली. नागोयाचा विमानतळ ज्या गावाच्या समुद्रात भराव घालून बांधला आहे, ते टोकोनामे कुंभारांचं गाव आहे. रांजण, चहाच्या किटल्या, सांडपाण्याचे मातीचे नळ यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या जगलं. तिथल्या एका चढणीच्या वाटेला दोन्ही अंगांनी जुने नळ आणि रांजण रचून बांध घातला आहे. त्याच गावच्या भट्ट्यांतून पुढे या मांजरी निघू लागल्या. मानेकी नेको, म्हणजे बोलावणारी मांजर. माझी वीतभर उंचीची आहे. मोठं डोकं, गोबरे गाल, गळ्यात लाल पट्टा आणि घुंगरू, पोटाशी लांबट सोनेरी नाणं. त्या नाण्यावर एक कोटी मोहरांची रक्कम लिहिलेली असते. आणि एक पंजा कानापाशी उचललेला. लोक म्हणतात, डावा पंजा गिऱ्हाईक बोलावतो, उजवा पैसा. माझीचा डावा आहे.

आजोळच्या खिडकीत ती ठेवली तेव्हा शेजारची मावशी टोपली टेकवून बघत राहिली. "ही आशीर्वाद देते काय गो?" मी म्हटलं, "नाही मावशी, बोलावते." तिने मांजरीच्या पंजाकडे पाहिलं, मग आपला हात तसाच धरून बोटं दोनदा मुडपली. "अगो, आपल्यासारखंच की!"

मला रोमांच आले. पाश्चात्त्य बाजारासाठी याच मांजरी घडवतात तेव्हा कधीकधी पंजा उलटा करतात, कारण तिकडे तळवा स्वतःकडे वळवून माणसाला बोलावतात आणि पालथा पंजा त्यांना निरोपाचा वाटतो. आमच्या मावशीला काही उलटवून दाखवावं लागलं नाही. तिला ती भाषा येत होती.

या मांजरीच्या जन्माच्या दोन कथा जपानात सांगतात. तोक्योच्या सेतागाया भागात गोतोकुजी नावाचं देऊळ आहे. हिकोनेचा सरदार ई नाओताका पावसात झाडाखाली थांबला असता देवळाच्या मांजरीने त्याला पंजाने बोलावलं, तो आत गेला आणि झाडावर वीज पडली. १६३३ साली ते त्याच्या घराण्याचं देऊळ झालं. आज तिथे नवसाच्या पांढऱ्या मांजरींच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि त्यांच्या हातात नाणं नाही. ती कथा राजाश्रयाची. मला दुसरी अधिक जवळची वाटते. तोक्योच्याच असाकुसा भागातली एक म्हातारी इतकी गरीब झाली की तिला आपल्या मांजरीला खायला घालता येईना, म्हणून तिने तिला सोडून दिलं. त्या रात्री मांजर स्वप्नात आली आणि म्हणाली, माझी मूर्ती कर, तुझं भलं होईल. म्हातारीने इमादोच्या भट्टीच्या मातीत मांजर केली आणि देवळाच्या दारात विकायला बसली. ही गोष्ट १८५२ सालची म्हणून नोंदलेली आहे, आणि त्याच वर्षीच्या हिरोशिगेच्या एका चित्रात अशा मांजरी विकणारं दुकान दिसतं. टाकून दिलेल्या जिवाने टाकणाऱ्याला हाक मारावी, या कल्पनेपाशी मी पुन्हा पुन्हा येते. त्या स्वप्नात राग नाही.

पण जपानी माणूस मांजरीला नुसता भुलला नव्हता, तो तिला घाबरतही होता. १२३३ साली फुजिवारा नो तेइका या कवीने आपल्या रोजनिशीत नारा इथे माणसं खाणाऱ्या नेकोमाता या राक्षसी मांजरीची वार्ता लिहून ठेवली. पुढे लोक सांगू लागले की मांजर फार म्हातारी झाली की तिचं शेपूट दुभंगतं, ती दोन पायांवर उभी राहते, माणसासारखं बोलते, डोक्याला पंचा बांधून रात्री नाचते. अशा मांजरीला म्हणत नेकोमाता किंवा बाकेनेको. म्हणून पिलांची शेपटं आखूड करण्याचीही चाल पडली. केन्को नावाच्या भिक्षूने चौदाव्या शतकात एक प्रसंग लिहिला आहे. रात्री काव्यमैफलीहून एकटाच परतणारा माणूस, पायाशी काहीतरी झेपावतं, तो नेकोमाता नेकोमाता ओरडत ओढ्यात पडतो, बक्षिसात मिळालेल्या वस्तू भिजतात. तो त्याचाच कुत्रा होता, धनी आला म्हणून उडी मारणारा. आमच्याकडे अशा अंधारात चकवा भेटतो. भीतीला प्रत्येक किनाऱ्यावर तिथलं नाव असतं.

या सगळ्यात मला सर्वांत खरी वाटते ती दिव्याची गोष्ट. बाकेनेको रात्री दिव्याचं तेल चाटते असं म्हणत. जुन्या जपानात गरिबांच्या घरी दिव्यात तारलीसारख्या माशाचं तेल जळायचं. भाताच्या दाण्यांवर दिवस काढणारी उपाशी मांजर वासाने तिथे जाणार, मागच्या दोन पायांवर उभी राहणार, आणि दिव्याभोवतीच्या कागदावर तिची माणसाएवढी सावली पडणार. आमच्या धक्क्यावर लाकडी होड्यांना माशाचं तेल चोपडत. अशाच एका दुपारी होडीच्या बुडाशी दोन पायांवर उभं राहून फळ्या चाटणारी मांजर मी लहानपणी पाहिली आहे. ऊन होतं म्हणून ती मांजरच राहिली. रात्र असती आणि कागदाआड दिवा असता तर मीही किंचाळले असते.

आमची भीती वेगळ्या जातीची. मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे, कामाला जाताना तर नकोच. आणि सर्वांत मोठी भीती काशीची. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते. नऊ वर्षांची असताना मी परसातल्या एका मांजरीला दगड मारला. तिने सुकत घातलेल्या बोंबलांतला एक ओढला होता एवढंच. दगड मागच्या पायाला लागला. ती लंगडत कुंपणापलीकडे गेली आणि आजी तिथेच खाली बसली. तिने मला मारलं नाही, ओरडलीही नाही. तीन दिवस ती दारात वाटीभर दूध ठेवून वाट बघत होती. "सोन्याची मांजर कुठून आणू गो मी?" एवढंच तिसऱ्या दिवशी बोलली. मी घरातली भांडी मोजली, तिच्या गळ्यातली पोत नजरेने तोलली. चौथ्या दिवशी मांजर आली, लंगडतच, आणि दूध प्यायली.

म्हणून ताशिरोजिमाची गोष्ट कळली तेव्हा मला तो परसातला दगड आठवला. मियागी प्रांतात इशिनोमाकीजवळचं हे छोटं बेट. पूर्वी तिथे रेशमाचे किडे पाळत, उंदीर ते किडे खात, म्हणून मांजरी ठेवल्या. नंतर मासेमार मांजरींच्या वागण्यावरून वाऱ्यापावसाचा आणि माशांचा अंदाज बांधू लागले. आमच्या डोलीच्या जाळ्याला खुंट लागतात, त्यांच्या जाळ्याला दगडांचा भार लागायचा. तो दगड फोडताना एक तुकडा उडून मांजरीला लागला आणि ती मेली. त्या माणसांनी तिला पुरलं आणि वर छोटं देऊळ बांधलं. अपराध तोच, दगड तोच. तिथल्या गरिबाला परवडेल असं प्रायश्चित्त सापडलं. आमच्या आजीला सोनं मागितलं गेलं. मला हा फरक आजही सलतो.

११ मार्च २०११च्या त्सुनामीने त्या बेटावरची कालवांची शेती वाहून नेली. बेटकऱ्यांनी मदत मागितली आणि मदत करणाऱ्याला परतभेट म्हणून मांजरींची चित्रं असलेल्या वस्तू देऊ केल्या. तीन महिन्यांत १५ कोटी येन जमले. मासेमारांसाठी मांजरीने खरोखरच पंजा उचलला. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. आजोळच्या घराची कौलं उडाली, मागच्या पोफळी आडव्या झाल्या. आठवड्याने आम्ही पोचलो तर माजघरात, रिकाम्या भाताच्या कणगीत तीन पिलं होती. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. त्या वादळात तिने हे घर निवडलं होतं.

कणगीचं आणि रेशमाचं दुःख एकच, उंदीर. रेशीम पिकवणाऱ्या गुन्मा भागात नित्ता इवामात्सु घराण्याचे सरदार पिढ्यान्‌पिढ्या मांजरींची चित्रं काढून देत. शेतकरी ती भिंतीवर डकवत, उंदीर पळावेत म्हणून. त्याच प्रांतातल्या ताकासाकीत साच्यावर कागद चिकटवून दारुमा बाहुल्या आणि मांजरी करतात. क्योतोच्या उत्तरेला मिनेयामा या रेशमाच्या गावी एका देवळाच्या दाराशी सिंहांच्या जागी दगडी मांजरी राखण करतात. १८३२ सालापासून.

आमच्या कणग्यांनी अशी एकही मांजर घडवून घेतली नाही. वाघ मात्र घडवला. इथून जवळच जंजिऱ्याच्या दरवाज्यावर वाघासारखा प्राणी पंजांत आणि शेपटीत हत्ती धरून आहे. डोंगरातल्या पाड्यांवर वाघोबाचा दगड आहे, त्याला शेंदूर आहे, वाघबारशीला नैवेद्य आहे. वाघाच्या मावशीला, मांजरीला, काहीच नाही. हात नव्हते असं नाही. पेणच्या कारखान्यांत शाडू आणि कागदाचा लगदा साच्यांत भरणारे, डोळ्यांची आखणी करताना श्वास रोखणारे कारागीर आहेत. ज्याला गणपतीच्या डोळ्यांत कनवाळूपणा उतरवता येतो त्याला मांजरीच्या डोळ्यांत भूक आणि माया सहज उतरवता येईल. भाद्रपद सरला आणि हात मोकळे झाले की त्यांच्यापैकी कोणीतरी एक मांजर करावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. पोटाशी नाणं नको. पुढ्यात एक बोंबील ठेवा, आणि पंजा आपल्या पद्धतीने, पालथा. पहिली मी घेईन, आणि आजीच्या खिडकीत जपानी मांजरीशेजारी ठेवीन.

तोवर आगरदांड्याला आलात तर फेरीच्या वेळेच्या थोडं आधी या. धक्क्याच्या कडेला कोळणी पाट्या मांडून बसलेल्या असतात, त्यांच्या मागे भिंतीच्या सावलीत मांजरी. मासे साफ करून घ्याल तेव्हा डोकी आणि कल्ले पिशवीत बांधून फेकू नका. तिथेच ठेवा.