समर ऑफ कोड: मेंटॉरच्या वहीतून

गूगल समर ऑफ कोड 2005 मध्ये सुरू झालं. लिनस तोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं तेही त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, कारण लिनक्स कर्नलवाल्यांना बिटकीपर फुकट वापरता येईना. पुढे खुद्द गिटच्या प्रकल्पातही मुलं या उन्हाळी कामासाठी येऊ लागली. 2018 च्या बॅचने शेल स्क्रिप्टमधलं ‘गिट स्टॅश’ सी भाषेत आणलं, पण ते लोकांच्या हाती पडलं 2019 च्या 2.22 आवृत्तीत. उन्हाळा केव्हाच संपलेला. मधल्या काळात ते काम जिवंत राहिलं ते त्याचे पॅच दुसऱ्या कुणाला वाचता येत होते म्हणून.

*

मुंबई विद्यापीठात प्रोजेक्टचं ‘ब्लॅक बुक’ बांधून घेतात. व्हायवा होतो, मार्क मिळतात. कोड कसा वाढत गेला, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे तिथून आलेली हुशार मुलंसुद्धा सगळं काम लॅपटॉपवर साठवतात आणि ‘पूर्ण झाल्यावर’ एकदम पुश करतात. मी पहिल्याच आठवड्यात सांगते: अर्धवट असलं तरी ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट उघड. चुकीची वाट दुसऱ्या दिवशी दिसली तर वळता येतं. महिन्याने दिसली तर मुलाचा धीर खचतो, आणि ते मला सोसवत नाही.

*

एका मुलाचा आजचा कमिट. संदेश एकच शब्द: ‘चेंजेस’. आत तीन गोष्टी: एका फंक्शनचं नाव बदललंय, तारीख रिकामी असताना आयात कोसळत होती ती दुरुस्त केलीय, आणि एडिटरने अख्ख्या फाइलचं इंडेंटेशन हलवलंय. खरी दुरुस्ती दोन ओळींची, पण डिफमध्ये ती सापडता सापडेना.

व्हिडिओ कॉलवर तो आणि मी बसलो. कमिट मोकळा केला, मग ‘गिट ॲड -पी’. गिट एकेक तुकडा समोर धरतं आणि विचारतं, घेऊ का? वाय, एन, तुकडा मोठा असेल तर एस दाबून आणखी फोडायचा. तीन कमिट झाले. दुरुस्तीच्या कमिटखाली त्याने लिहिलं: ‘जुन्या नोंदींत तारखेचा रकाना रिकामाच आहे, म्हणून अशी ओळ वगळून आयात पुढे चालू ठेवली.’ हे कारण कोडमध्ये कुठेच दिसत नव्हतं. ‘ओळ वगळायची की तारखेशिवाय घ्यायची?’ हा प्रश्नही ते वाक्य लिहिताना त्यालाच पडला.

*

‘गिट बायसेक्ट’ हजार कमिटांतून बिघडलेला कमिट साधारण दहा तपासण्यांत काढून देतं. पण हे सुरळीत चालायचं तर प्रत्येक कमिटवर प्रोग्रॅम बिल्ड झाला पाहिजे.

*

काही प्रकल्प मर्ज करताना सगळं स्क्वॉश करतात. इतिहास आटोपशीर दिसतो, हे मान्य. पण तीन महिन्यांचं काम एकाच कमिटमध्ये कोंबणं मला पटत नाही. रिव्ह्यूतल्या दुरुस्त्या ‘फिक्सअप’ करून मूळ कमिटमध्ये मिसळाव्यात, वेगळे विचार वेगळेच ठेवावेत.

*

फोर्स पुश स्वतःच्या ब्रांचवरच, आणि तोही ‘--फोर्स-विथ-लीज’ लावून.

*

एपीआय की चुकून कमिट झाली तर पुढच्या कमिटमध्ये खोडून भागत नाही, ती इतिहासात राहते. आधी की रद्द करायची, बाकीचं नंतर.

*

शेवटच्या आठवड्यात नवं फीचर घेऊ देत नाही. मर्ज न झालेल्या ब्रांचांची यादी करायची आणि प्रत्येकीपुढे काय अडलंय ते लिहायचं. पुढच्या वर्षी येणाऱ्याला कामाला लागण्यासाठी ती यादी लागते.