वाचलेल्याची वही

प्रिय विद्यार्थी, पालक व विश्वस्त मंडळी,


आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी घरी बोलत होतो, पण पुस्तके वाचू लागलो ती नोकरीला लागल्यावर. वाचलेले विसरू नये म्हणून तेव्हा एक वही घातली. आपल्या इंदुरी बोलीत कॉपी. त्यात पुस्तक संपल्याची तारीख, नाव, लेखक आणि दोन ओळींत आपले मत, एवढेच लिहितो. सुरुवातीच्या पानांवर पुस्तक मराठी असले तरी मत हिंदीत आहे. पुढे मध्येच एखादे मराठी वाक्य येते, आणि काही वर्षांनी सगळेच मराठी होते. आपण आपल्या भाषेत कधी परतलो, हे आम्हाला त्या वहीनेच दाखवले.

प्रेमचंदांचे 'गोदान' तीत दोनदा आहे. तिशीत लिहिले होते, "होरी फार सोसतो, राग येतो." पन्नाशीत लिहिले, "कर्जात बुडालेला माणूस आणखी काय करणार?" दोन्ही मते तशीच ठेवली आहेत. पुस्तक तेच, वाचणारा बदलला.

अशी नोंद थोरांनीही ठेवली आहे. मार्च 1922 मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले. तेथील रोजनिशीत ते वाचून संपवलेल्या पुस्तकांची तारीखवार नोंद करीत. त्यांत गिबनचा रोमचा इतिहास आहे, किपलिंग आहे, आणि गुजरातीतून वाचलेले महाभारतही आहे. 1924 मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी 'यंग इंडिया'त या वाचनाविषयी लिहिले आणि गिबनपेक्षा महाभारत श्रेष्ठ, असे आपले मत स्पष्ट सांगितले. हेच गांधीजी 1918 आणि 1935 मध्ये आपल्या इंदुरात हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तुरुंगात त्यांची परीक्षा घेणारे कोणी नव्हते, गुण देणारे कोणी नव्हते. तरी त्यांनी नोंद ठेवली, ती स्वतःसाठी.

यंदा सहावी ते नववीच्या मुलांना आम्ही अशा वह्या दिल्या. सातवीच्या एका मुलाने 'श्यामची आई' वाचून लिहिले, "आई चांगली आहे, पण श्याम फार रडतो. माझ्या आईला एवढा वेळ नसतो." एक पालक हे वाचून नाराज झाले. संस्कारांच्या पुस्तकाविषयी मुलाने असे लिहावे का, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, या मुलाने पुस्तक खरोखर वाचले आहे. न वाचणारा लिहितो, "हे पुस्तक अतिशय बोधप्रद आहे." पूर्वी ते वाक्य गाइडमधून येत असे, आता मोबाईलला विचारले की सारांशासकट मिळते. श्याम फार रडतो, हे मात्र त्या मुलाचे स्वतःचे आहे. आणि आपल्या आईला वेळ नसतो हे त्याला त्या पुस्तकानेच जाणवून दिले, हा काय कमी संस्कार झाला?

विश्वस्त मंडळातून एक सूचना आली की या वह्यांना दहा गुण ठेवावेत. हेतू चांगला आहे, पण आमची नम्र विनंती आहे की तसे करू नये. गुण आले की मूल आपले मत लिहिणार नाही, बाईंना आवडेल ते लिहील. नियम दोनच पुरेत. आवडले किंवा नाही आवडले, तर का, हे एका वाक्यात लिहावे. आणि अर्धवट सोडलेले पुस्तकही लिहावे, कोणत्या पानावर सोडले त्यासकट.

या वह्या चाळताना एक गोष्ट मनाला लागली. बहुतेक नोंदी हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांच्या आहेत, मराठी अगदी थोड्या. मुलांना विचारले तेव्हा कोणी मराठी आवडत नाही असे म्हणाले नाही. म्हणाली, "सर, पुस्तक मिळतच नाही." पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून आपण घरातले मराठी बोलणे टिकवले, सणवार टिकवले. पण मुलाच्या हाताला लागेल असे मराठी पुस्तक घरात नसेल, तर ही भाषा स्वयंपाकघरापुरती उरेल.

म्हणून विश्वस्तांना विनंती, गुणांऐवजी वाचनालयाला मराठी बालपुस्तकांचे एक कपाट द्यावे. पालकांना विनंती, मुलाच्या वहीत शुद्धलेखन तपासू नका. त्यापेक्षा स्वतःची एक वही घाला आणि दिवाळीच्या सुट्टीत निदान एका मराठी पुस्तकाची नोंद करा. मुलांनो, आईबाबांची वही मागून वाचा. त्यांचे मत पटले नाही, तर तेही आपल्या वहीत लिहा.

आपले,
प्राचार्य
खजराना, इंदूर